टिन सरोवरावरचा रविवार

दिवाळीचा फराळ आणि शौर्यकथा ही जोडी आमच्या घरात फार जुनी. अभ्यंगस्नान आटोपले, देवदर्शन झाले, की चिवड्याची बशी मांडीवर घ्यायची आणि शत्रूच्या गोटात शिरलेल्या मूठभर माणसांची एखादी गोष्ट उघडायची. वय वाढले, बशीतला चिवडा वैद्यांच्या सांगण्यावरून कमी झाला. गोष्टींची गोडी मात्र कमी झाली नाही. लाल महालाची कथा आपण चालायला लागण्याआधी ऐकतो. त्यामुळे पुढे इंग्रजी युद्धकथांची कागदी बांधणीची पुस्तके जुन्या बाजारात आठ-आठ आण्यांना मिळू लागली, तेव्हा ती मला परकी वाटलीच नाहीत. थोडी माणसे, अंधारी रात्र, जिंकता न येणारी जागा, आत शिरण्याची एक विसरलेली वाट आणि पहाटेपूर्वी परत. घोड्यांच्या जागी विमाने आली, एवढाच काय तो फरक.

आपले समीक्षक या वाङ्मयाकडे फिरकत नाहीत. ते वाचतात चोरून, आणि लिहितात कादंबरीवर. मी समीक्षक नाही, नुसता वाचक आहे. तेव्हा मला ही चोरी करण्याचे कारण नाही. या जातीच्या गोष्टींना गोष्ट म्हणून काही कसोटी लावता येते का, असा एक प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे आहे. तो पडला एका चित्रपटामुळे. त्याविषयी लिहितो.

चित्रपट होता ‘द हीरोज ऑफ टेलेमार्क’. १९६५ साली निघालेला, अँथनी मान याने दिग्दर्शित केलेला. मी तो पुण्यात पाहिला तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. थोरल्या भावाने नेले होते. कर्क डग्लस पांढऱ्या डोंगरावरून लाकडी पट्ट्यांवर घसरत जातो आणि मागून शत्रू येतो, त्या वेळी माझ्या मुठीतले शेंगदाणे तसेच राहिले होते. बर्फ मी तोवर फक्त रसवंतीत पाहिलेला. शेवटी एक बोट सरोवरात बुडवायची असते. तीत जर्मनांचे अण्वस्त्राचे साहित्य आहे. नायकाला दिसते, की त्याच्या मृत सहकाऱ्याची बायको तान्हे मूल घेऊन त्याच बोटीत चढते आहे. तो धावतो, बोटीवर जातो, मुलांना खेळाच्या निमित्ताने मागच्या टोकाला गोळा करतो, अंगात तरंगती जाकिटे चढवतो. स्फोट होतो, बोट बुडते, नायक आणि मुले वाचतात. मी टाळ्या वाजवल्या. भावानेही वाजवल्या. घरी येऊन ती बोट मी आजीला सांगितली, आणि आजी काही न बोलता उठून आत गेली. त्याचे कारण पुढे सांगतो.

आधी मूळ हकीकत. ती चित्रपटाहून पुष्कळ चांगली आहे.

नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतात र्‍युकान नावाचे गाव एका खोल दरीत वसलेले आहे. दरी इतकी अरुंद, की जवळजवळ सहा महिने गावात सूर्य उतरत नाही. (२०१३ साली तिथल्या लोकांनी डोंगरावर मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडले, हे वाचून मला फार आनंद झाला होता.) गावाजवळ वेमोर्क येथे धबधब्याच्या जोरावर चालणारे वीजघर आणि त्याला जोडून खतासाठी हायड्रोजन काढण्याचा कारखाना होता. त्या कारखान्यात एक दुय्यम पदार्थ थेंबाथेंबाने साठे. त्याचे नाव जड पाणी. दिसायला पाणीच, पण त्यातला हायड्रोजन नेहमीच्या दुप्पट वजनाचा. अणूच्या भट्टीत ते उपयोगी पडते असे शास्त्रज्ञांनी ओळखले होते, आणि इतक्या प्रमाणावर ते त्या काळी जगात इथेच निघत होते. १९४० साली जर्मनांनी नॉर्वे घेतला आणि जड पाण्याची मागणी वाढवली. लंडनमध्ये बसलेल्यांची झोप उडाली ती यामुळे.

१९४२ च्या ऑक्टोबरात चार नॉर्वेजियन तरुण हार्डांगर पठारावर हवाई छत्रीने उतरले. त्यांचा नायक येन्स-आंतोन पौलसन. त्यांनी वाट तयार करायची आणि मागून येणाऱ्या ब्रिटिश सैनिकांना कारखान्यापर्यंत न्यायचे, असा बेत. १९ नोव्हेंबरच्या रात्री ते सैनिक दोन ग्लायडरांतून निघाले आणि खराब हवेत दोन्ही ग्लायडर व ओढणारे एक विमान कोसळले. एकूण ४१ माणसे गेली. पडूनही जिवंत राहिलेले जे हाती लागले, त्यांना जर्मनांनी ठार केले. असे छापे घालणाऱ्यांना कैद न करता मारावे, असा हिटलरचा हुकूम महिन्याभरापूर्वीच निघालेला होता. गोष्टीची पुस्तके हे प्रकरण दोन पानांत उरकतात. फसलेल्या मोहिमेला नायक नसतो ना!

पठारावरचे चौघे मात्र तिथेच अडकले. हिवाळा सुरू झालेला, शिधा संपलेला. खडकावरचे शेवाळ उकळून खाऊन त्यांनी दिवस काढले. नाताळच्या तोंडावर पौलसनला रेनडिअरचा कळप दिसला आणि त्याने एक टिपला. जनावराच्या पोटातले अर्धवट पचलेले शेवाळही त्यांनी टाकले नाही, कारण हिरवे असे खाणे त्या बर्फात दुसरे नव्हते. करंजी हातात घेऊन हे वाचणाऱ्यांनी मला क्षमा करावी. पण शौर्य म्हणजे काय असे कुणी विचारले तर मी छाप्याच्या रात्रीकडे बोट न दाखवता या दोन-तीन महिन्यांकडे दाखवीन. तिथे ना टाळी, ना शत्रू. एक झोपडी, चार माणसे, आणि बिनतारी यंत्राच्या बॅटऱ्या जिवंत ठेवण्याची धडपड. त्यांतला यंत्र सांभाळणारा कनूट हाउगलांड पुढे १९४७ साली ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून पॅसिफिक ओलांडणाऱ्यांत होता. काही माणसांना सुखाने घरी बसवतच नाही, हेच खरे.

१६ फेब्रुवारी १९४३ ला आणखी सहा जण उतरले. म्होरक्या योआकिम रॉनेबर्ग, वय तेवीस. त्यांच्यात कनूट हाउकेलिड होता. त्याच्याविषयी पुढे बोलायचे आहे. त्याची जुळी बहीण सिग्रिड गुरी त्या वेळी हॉलिवूडमधली नटी होती, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला हसलो असतो.

२७ फेब्रुवारीच्या रात्री नऊ जण निघाले. कारखान्याला जाणारा पूल एकच आणि त्यावर पहारा. म्हणून ते दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडली आणि पलीकडचा कडा चढून गेले. जर्मनांच्या मते तो कडा चढण्याजोगा नव्हता. हे वाचताना मराठी माणसाच्या ओठांवर एक नाव येतेच. त्यांच्याजवळ घोरपड नव्हती, एवढेच. रॉनेबर्ग आणि फ्रेड्रिक कायसर तारा नेण्याच्या अरुंद बोगद्यातून सरपटत आत शिरले. जड पाण्याच्या खोलीत एक नॉर्वेजियन पहारेकरी होता. त्याला कायसरने बंदुकीच्या धाकात धरले, आणि रॉनेबर्गने अठरा भांड्यांना सुरुंगाच्या माळा घातल्या. वात दोन मिनिटांची होती. ती त्याने कापून तीस सेकंदांची केली.

तो काडी लावणार, एवढ्यात पहारेकरी म्हणाला, माझा चष्मा राहिला. युद्धात नवा मिळायचा नाही. शोधाशोध झाली, चष्म्याचे घर मिळाले, ते त्याच्या हातात दिले. पुन्हा काडी. पुन्हा तो ओरडला, घरात चष्मा नाही! पुन्हा शोध. वहीच्या पानांत खूण म्हणून ठेवलेला तो चष्मा अखेर सापडला. मग त्याला सांगितले, पळ, आणि स्फोट होईपर्यंत तोंड उघडे ठेव, म्हणजे कान फुटायचे नाहीत. स्फोट इतका दबका झाला, की एक जर्मन शिपाई बराकीबाहेर आला, विजेरी इकडेतिकडे फिरवून परत आत गेला. बाहेर अंधारात हाउकेलिड आणि पौलसन त्याच्यावर नेम धरून बसले होते. त्यांनी गोळी झाडली नाही. त्या रात्री कोणीच झाडली नाही. सुमारे पाचशे किलो जड पाणी गटारातून वाहून गेले. एक ब्रिटिश बंदूक मुद्दाम मागे ठेवलेली होती, म्हणजे सूड गावावर निघू नये. रॉनेबर्ग आणि त्याचे चौघे साथी चारशे किलोमीटर बर्फ तुडवत स्वीडनला पोहोचले. खुद्द जर्मन सेनापती फाल्केनहोर्स्टने कारखाना पाहून या कामाची तारीफ केली.

चष्म्याचा हा प्रसंग मी किती वेळा वाचला असेन याला गणती नाही. साहसकथेची माझी कसोटी जी काही आहे ती यातून निघाली. जीव धोक्यात असताना आणि घड्याळ पुढे सरकत असताना तीन माणसे एका चष्म्यासाठी थांबतात. तो पहारेकरी शत्रू नाही आणि मित्रही नाही. त्याला कोणी विचारून या युद्धात घेतलेले नाही. मोहिमेत त्याची जागा काय, हे रॉनेबर्गला त्या अर्ध्या मिनिटात ठरवावे लागले आणि त्याने ते ठरवले. पुस्तके पुष्कळ आहेत, चित्रपटही; त्यांत गोळ्या झाडणारे नायक ढिगाने सापडतात. चष्मा शोधणारा मला दुसरा भेटला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते. लेखकांनाही बरे वाटते. पुष्कळ जण इथेच पडदा पाडतात. परंतु काही महिन्यांत जर्मनांनी कारखाना पुन्हा चालू केला. १६ नोव्हेंबर १९४३ ला अमेरिकन विमानांनी भर दिवसा बाँब टाकले. जड पाण्याची खोली तळघरात होती, तिला फारसे काही झाले नाही. वीसहून अधिक नॉर्वेजियन नागरिक मेले. शेवटी जर्मनांनी उरलेला साठा जर्मनीला हलवायचे ठरवले. वेमोर्कहून आगगाडीचे डबे मेल या धक्क्यापर्यंत, तिथून डब्यांसकट ‘हायड्रो’ नावाच्या बोटीवर, आणि टिन सरोवर ओलांडून पुढे. ती बोट रोजची होती. तीतून गावची माणसे जात-येत.

हे काम हाउकेलिडवर आले. तो पठारावरच राहिला होता. स्थानिकांकडून लंडनला विचारणा गेली, की जे मिळेल ते जे जाईल त्याच्या तोलाचे आहे का. उत्तर आले, की आहे. बोट बुडालीच पाहिजे. फार मोठा अनर्थ न होता ते जमेल अशी आशा आहे. अशा आशा नेहमी दूरच्या गावाहून येतात. त्यांच्या हातात एवढेच होते, की डबे रविवारच्या फेरीला लागावेत. रविवारी उतारू कमी असतात. स्फोट कधी व्हावा याचाही हिशेब केला: बोट सर्वांत खोल पाण्यावर असताना, म्हणजे पिंपे पुन्हा वर काढता येऊ नयेत. वेळ साधण्यासाठी साधी गजराची घड्याळे वापरली.

२० फेब्रुवारी १९४४, रविवार, सकाळी पावणेअकरा. बोट काही मिनिटांत बुडाली. अठरा माणसे गेली. चौघे जर्मन, चौदा नॉर्वेजियन. काठावरचे शेतकरी होड्या घेऊन धावले म्हणून बाकीचे वाचले. बोटीवर कर्क डग्लस नव्हता. मुलांना कोणी मागच्या टोकाला नेले नाही. कोणालाच काही सांगितलेले नव्हते, कारण एकाला सांगितले तर ते सगळ्यांना कळले असते.

आता आजीचे सांगतो. आमचे मूळ घर अलिबागजवळचे. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्रात गेली. आषाढी अमावास्येच्या सुमारास घरी निघालेली माणसे. आजीचा धाकटा भाऊ त्यांत होता. त्या बोटीला सुरुंग कोणी लावला नव्हता; पावसाळी समुद्र होता आणि दर्या होता, दुसरे कोणी नाही. पण रोजच्या उताराची बोट म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. कोणी सासरी निघालेली असते, कोणाच्या हातात औषधाची बाटली असते. मी पुण्याहून आलेला, चित्रपट पाहून फुगलेला पोर. मी आजीला म्हणालो होतो, की बोट बुडाली, पण मुले वाचली. ती का उठून गेली ते मला पुढे विशीत कळले, आणि त्याच सुमारास हाउकेलिडचे पुस्तकही हाती लागले.

चित्रपट काढणाऱ्यांनी हे पुस्तक वाचलेले होते. ‘स्कीज अगेन्स्ट द अ‍ॅटम’ असे त्याच्या इंग्रजी भाषांतराचे नाव. चित्रपटाच्या दोन आधारांपैकी ते एक. म्हणजे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक असून त्यांनी मुले वाचवली. माझा आक्षेप काल्पनिकाला नाही. ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ मधले नॅव्हरोन बेट जगाच्या नकाशावर नाही आणि त्यामुळे माझे काही बिघडत नाही. मी ते पुस्तक दोनदा वाचले आहे. पण टेलेमार्क नकाशावर आहे. तिथली बोट खरी, सरोवर खरे, तारीख खरी. चित्रपटात नायकाने मुलांना वाचवले असे दिसते. मला वाटते, त्याने वाचवले प्रेक्षकांना, म्हणजे मला आणि माझ्या भावाला. घरी जाताना आमच्या डोक्यात एक प्रश्न येऊ नये, म्हणून तो बोटीवर चढला.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या गोष्टीकडून एवढे कशाला मागता? मागतो, कारण आपल्या जुन्या शाहिरांनी ते दिलेले आहे. तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा घ्या. तो तर शुद्ध छाप्याची गोष्ट. पण तिची सुरुवात रायबाच्या लग्नाने होते. शाहीर तानाजीला दोर लावण्याआधी त्याच्या घरचा मांडव दाखवतो, म्हणजे पुढे गड हाती आल्यावर ऐकणाऱ्याला आनंद करता येऊ नये. आपल्याकडच्या बायाबापड्यांनी तो पोवाडा शतकानुशतके ऐकला आणि त्यांचे मनोधैर्य काही खचले नाही. अर्थात एक भेद आहे, आणि तो मी झाकू इच्छीत नाही. तानाजी स्वतःहून गेला. ‘हायड्रो’वरचे चौदा जण स्वतःहून गेले नव्हते. पोवाड्याची चौकट त्यांना पुरत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या कुठल्या तरी गद्याची गरज होती, आणि ते हाउकेलिडने लिहिले.

हाउकेलिड लेखक नव्हे. त्याची वाक्ये कामापुरती असतात, वर्णने रूक्ष. पण तो स्वतःला सोडवून घेत नाही. आदेश कठीण होता असे तो लिहितो, आणि पुढे तो पाळला असे लिहितो. या दोन वाक्यांच्या मध्ये त्याने ‘परंतु’ची भिंत उभारलेली नाही. १९४८ साली निघालेल्या नॉर्वेजियन-फ्रेंच चित्रपटातही हा प्रामाणिकपणा काही अंशी आहे. त्यात मोहिमेतल्या कित्येकांनी स्वतःचीच कामे केली. नट म्हणून ते अवघडलेले दिसतात, दोरीवर मात्र नाही. २०१५ साली नॉर्वेच्या दूरचित्रवाणीने सहा भागांची मालिका केली. तिच्यात जर्मन शास्त्रज्ञांची बाजू आहे, कारखाना चालवणाऱ्या कंपनीची आहे, लंडनची आहे. जरा पसरट आहे, प्रेमप्रकरणे नसती तरी चालले असते. पण इतक्या बाजूंनी पाहिल्यावर कोणालाही छाती फुगवता येत नाही, हा तिचा गुण.

एक हकीकत पुढच्या काळच्या पुस्तकांतून येते. कटात सामील असलेल्या कारखान्यातल्या गुन्नार सिव्हरस्टाडची आई त्याच रविवारी त्याच बोटीने जाणार होती. तिला सांगावे तर कट फुटतो. त्याने तिच्या खाण्यात रेचक मिसळले, आणि तिचे जाणे राहिले. मला हा प्रसंग चित्रपटातल्या साऱ्या गोळीबारापेक्षा भयंकर वाटतो. त्याने आई वाचवली, यात त्याला दोष देणारा मी कोण? पण त्या सकाळी धक्क्यावर आणखीही कोणाच्या आया आल्या असतील, हे त्याला जेवण वाढताना कळत नसेल काय? तरबेज कादंबरीकाराने यावर चारशे पाने लिहिली असती. इतिहासकार चार ओळींत सांगून पुढे जातात.

आणि हे सारे कशासाठी, हा शेवटचा प्रश्न उरतोच. युद्धानंतर जे उघड झाले त्यावरून, जर्मनांचे काम अणुबाँबपासून दूर होते. हे शस्त्र चालू युद्धात हाती येणार नाही असे समजून १९४२ मध्येच त्यांनी त्यावरचा मोठा जोर काढून घेतला होता. १९४५ मध्ये हायगरलोख गावच्या तळघरात त्यांनी उभारलेली भट्टी पेटली नाही. तिला जड पाणी अपुरे पडले. म्हणजे पाणी अडवल्याने काही झाले नाही असे म्हणता येत नाही, आणि जग वाचले असेही म्हणता येत नाही. ज्यांनी सुरुंग लावला त्यांना यांतले काही माहीत असणे शक्य नव्हते. आज आरामखुर्चीत बसून त्यांना बरोबर किंवा चूक ठरवणारी पुस्तके मी वाचली आहेत. दोन्ही प्रकारची लवकर मिटली.

त्यापेक्षा मी हाउकेलिडच्या पुस्तकातले शनिवार रात्रीचे पान उघडतो. मेलच्या धक्क्यावर बोट उभी आहे. जर्मनांचा सगळा पहारा डब्यांवर. बोटीवर जर्मन शिपाई नाही. खाली खलाशी पत्ते कुटत बसलेले. हाउकेलिड आणि त्याचे दोन साथी, रॉल्फ सॉर्ली आणि कनूट लिअर-हान्सन, आत शिरतात, आणि बोटीचा नॉर्वेजियन पहारेकरी त्यांना गाठतो. आम्ही जर्मन पोलिसांपासून लपतो आहोत, असे लिअर-हान्सन त्याला सांगतो. पहारेकरी चांगला माणूस. असे लपणारे त्याने आधीही पाहिलेले असावेत. तो त्यांना तळाशी जायची वाट दाखवतो. लिअर-हान्सन त्याला बोलण्यात गुंतवतो, आणि बाकीचे दोघे बोटीच्या पोटात, गार पाण्यात गुडघे टेकून सुरुंगाची माळ गोल मांडतात, घड्याळे जोडतात.

वर आल्यावर हाउकेलिडला प्रश्न पडतो, की याला सांगावे काय. वेमोर्कच्या दोन पहारेकऱ्यांना छाप्यानंतर जर्मनांनी छळछावणीत धाडले होते. ते त्याला आठवते. पण हा माणूस रात्रीत नाहीसा झाला तर संशय येईल आणि सकाळी बोट सुटणार नाही. तो काही सांगत नाही. पहारेकऱ्याचा हात हातात घेतो आणि त्याचे आभार मानतो. एवढ्याशा गोष्टीबद्दल इतके आभार कशाचे, हे त्या माणसाला उमगत नाही, तो नुसता बघत राहतो. मग तिघे धक्क्यावर उतरतात. रस्त्यावर मोटार थांबलेली असते.